एका बोटाने मिटणारा घोडा

जीवन आणि निलमचं दुकान तलासरीला, उधवा रस्त्यावर होतं. पत्र्याची शेड, पुढे निळी ताडपत्री आणि तिच्याखाली उभे केलेले घोडे. 'येथे मजबूत घोडे मिळतील' ही पाटी वाचून परगावची माणसं गाडी हळू करायची आणि हसत पुढे जायची. रंगाऱ्याला, वायरमनला, मंडपवाल्याला मात्र घोडा म्हणजे काय ते सांगावं लागत नसे. चार पायांवर स्वतःची स्वतः उभी राहणारी आणि काम संपलं की मिटून खांद्यावर टाकता येणारी शिडी.

जीवन लोखंड कापायचा आणि वेल्डिंग करायचा. भोकं पाडणं, रिबिटी ठोकणं, रंग देणं निलमकडे. दोघं एकमेकांना नावानेच हाक मारायची. मशीनच्या आवाजात त्याहून लांबलचक काही ऐकूही गेलं नसतं.

लग्नाआधी जीवन वापीच्या एका कारखान्यात कामाला होता. तिथून परतला तो स्वतःचं काहीतरी करायचं हे डोक्यात घेऊनच. सुरुवातीला त्याने चार जणांसारखेच घोडे केले: पुढे पायऱ्यांची चौकट, मागे आधाराची चौकट, वर बिजागरी आणि दोन्ही चौकटींच्या मध्ये साखळी. साखळी घोड्याला जास्त फाकू देत नाही, पण मिटण्यापासून अडवतही नाही. फरशी गुळगुळीत असली आणि वरच्या माणसाने अंग इकडचं तिकडे केलं, की मागचे पाय पुढे सरकतात. जीवनला हे खटकत होतं.

मग त्याने साखळी काढली आणि तिच्या जागी दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्या लावल्या. प्रत्येक पट्टी दोन तुकड्यांची, मधोमध रिबिटीचा सांधा. घोडा उघडला की पट्टी सरळ व्हायची आणि सांधा किंचित खाली उतरून आपल्या ठेपीवर, म्हणजे खालच्या आधारावर, बसायचा. तो तिथे बसलेला असेपर्यंत घोडा मिटत नसे. मिटवायचा झाला तर पट्टीला खालून बोटाने वर उचलायचं, बस्स.

पहिला तसा घोडा तयार झाला त्या दिवशी जीवनने निलमला हाताला धरून आणलं होतं.

"खालून बोट लाव. एकच."

तिने लावलं. सांधा वर उचलला गेला आणि एवढा थोरला घोडा छत्रीसारखा अलगद मिटला. दोघंही हसली. आपल्या नवऱ्याने स्वतःच्या डोक्याने काहीतरी केलं, तेही कुठे न बघता, याचं निलमला फार अप्रूप वाटलं. त्यांच्याकडे येणारी माणसं एका हातात डबा नाहीतर वायरीचं भेंडोळं घेऊन असायची. त्यांना असला घोडा सोयीचा वाटला. बघता बघता साखळीचे घोडे बंदच झाले.

दोन हजार अठराची दिवाळी सरली आणि जमीन हलायला लागली.

पहिल्या दिवशी कोणाला काही कळलंच नाही. खदाणीत सुरुंग उडवला असेल, असं सगळे म्हणाले. पण खदाण बंद होती आणि आवाज खालून आला होता. मग दोन दिवसांनी पुन्हा. मग एका दिवसात कितीतरी वेळा. डहाणू-तलासरीच्या त्या पट्ट्यात, धुंदलवाडीच्या आसपासच्या पाड्यांवर, माणसं घराबाहेर निजायला लागली. पोरांची शाळा झाडाखाली भरू लागली. सरकारी माणसं तंबू देऊन गेली. नीट झोप मिळत नसल्याने सगळ्यांचे डोळे सुजल्यासारखे दिसत. बोलता बोलता माणूस मध्येच थांबायचा आणि पायाखालचं ऐकायचा.

धक्के तरी कसे? आधी धडाम असा आवाज आणि त्याच्या पाठोपाठ खालून ठोसा. झुलवणारे नव्हेत, उचलून आपटणारे. चुलीवरचं भांडं जागच्या जागी उडायचं.

या सगळ्यात जीवनचे घोडे मात्र कधी नव्हे इतके खपायला लागले. प्रत्येकाला घरात वर चढायचं होतं. माळ्यावरची जड भांडी खाली उतरवायची होती. भिंतीच्या वरच्या अंगाला पडलेल्या भेगा बुजवायच्या होत्या. कौलं काढून पत्रे घालायचे होते, कारण झोपेत अंगावर कौलं पडण्याची भीती सगळ्यांना होती. पाड्यापाड्यांवरून टेम्पो येत आणि घोडे घेऊन जात. जीवन पहाटे उठून कामाला लागायचा. त्याच्या अंगात वारं भरल्यासारखं झालं होतं.

"लोकांवर वेळ आली म्हणून आपल्याकडे येतायत," निलम एकदा म्हणाली. "मला बरं नाही वाटत."

"मग काय, नाही म्हणू? त्यांना गरज आहे. दुसऱ्याचे साखळीवाले घेऊन पडतील, त्यापेक्षा आपले बरे."

निलमने ब्रश उचलला आणि पुढच्या घोड्याला रंग द्यायला घेतला.

त्यानंतरच्या आठवड्यातली गोष्ट. दुपारची वेळ होती. जीवन लोखंड आणायला गेला होता आणि निलम एकटीच रिबिटी ठोकत बसली होती. खालून आवाज आला. तिने हातोडी टाकली आणि पळत रस्त्यावर आली. समोरचा पंक्चरवाला नारूही हातात ट्यूब घेऊन बाहेर धावला होता. शेडचे पत्रे अजून थरथरत होते. निलमने मागे वळून दुकानाकडे पाहिलं.

मधोमध एक घोडा उघडून ठेवलेला होता, रंग वाळायला. त्याच्या दोन्ही पट्ट्या गुडघा मुडपावा तशा वर आल्या होत्या. निलम बघत असतानाच त्याचे मागचे पाय सिमेंटवरून हळूहळू पुढे सरकले, पुढच्या पायांना येऊन भिडले, आणि घोडा क्षणभर तसाच मिटलेला उभा राहून आडवा झाला. जवळपास कोणी नव्हतं. कोणी हात लावला नव्हता.



जीवन आल्यावर तिने सांगितलं. तो लोखंड उतरवत होता, तसाच उतरवत राहिला.

"रिकामा घोडा हलल्यावर पडणारच. माणूस वर असला की त्याच्या वजनाने पट्टी ताणून बसते."

"पडला नाही जीवन, मिटला. आधी मिटला, मग पडला."

"तेच ते."

"तेच नाही."

तिचा आवाज असा लागला की त्याने मान वर केली. मग त्याने पलीकडून नारूला बोलावलं, एक नवा घोडा रस्त्याच्या कडेला उघडून ठेवला आणि वरच्या पायरीवर जाऊन उभा राहिला.

"हलव नारू. जोर लावून हलव."

नारूने दोन्ही हातांनी घोडा धरून गदागदा हलवला. आधी बाजूने, मग पुढे-मागे. चारही पाय जमिनीवर खडखडले, पण पट्टी जागची हलली नाही. वर जीवन हात सोडून उभा होता. रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली आणि त्यांतल्या एकाने तिथल्या तिथे घोडा ठरवून टाकला.

"झालं समाधान?" खाली उतरल्यावर जीवनने विचारलं. रागाने नाही, हसूनच.

निलम मान हलवून कामाला लागली. पण समाधान झालं नव्हतं. पुढचे काही दिवस ती जो घोडा दुकानातून जाईल त्याच्या सांध्याला बारीक तारेचे दोन वेढे देऊन ठेवायची. माणसं तक्रार घेऊन यायची, घोडा मिटत नाही म्हणून. जीवन पक्कडीने तार तोडून द्यायचा आणि निलमकडे नुसता बघायचा.

नेमकं काय खुपतंय ते तिला एका सकाळी कळलं. ती एक घोडा उघडाच उचलून दाराबाहेर नेत होती. पायरीवरून उतरताना तो हातातून निसटला आणि वीतभर खाली जमिनीवर आपटला. त्या दणक्याने पट्ट्या टुणकन वर उडाल्या.

निलम तिथेच उभी राहिली. नारूने घोडा हलवला होता. जमीन हलवत नव्हती. जमीन खालून ठोसा देत होती.

तिने जीवनला हाक मारली. सिमेंटची अर्धी गोणी त्याच्याकडून वरच्या पायरीवर ठेवून घेतली, चारही पायांखाली फळ्या सरकवल्या आणि त्याला एका बाजूच्या फळ्या धरायला लावल्या.

"मी म्हटलं की एकदम उचलायचं आणि सोडायचं."

पहिल्यांदा काही झालं नाही. दुसऱ्यांदाही नाही. जीवन काही बोलणार होता, तेवढ्यात तिने "परत" म्हटलं. या वेळी गोणी पायरीवरून जराशी उसळली, आणि जितका वेळ ती अधांतरी होती तितक्यात सांधे वर आले. गोणी परत पायरीवर बसली ती मिटत्या घोड्यावर. सगळंच धाडकन खाली आलं. सिमेंट उडून दोघांच्या तोंडावर बसलं.

 जीवनने खाली बसून मोकळ्या सांध्याखाली बोट धरलं, वर उचललं, सोडलं. पुन्हा उचललं.

"खालून बोट लावल्यासारखंच," तो म्हणाला.

त्या दिवशी त्याने दुसरं काम केलं नाही. सळईचे तुकडे कापून, वाकवून त्याने आकड्या केल्या. पट्टीला भोक पाडून आकडी सांध्यावर वरून बसवायची, म्हणजे पट्टीला वर यायला जागाच राहत नाही. मिटवायच्या वेळी हाताने काढायची. एका बोटाचं काम आता दोन हातांचं झालं होतं. त्याने पहिली आकडी बसवून पाहिली तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. निलमने पुढची सळई त्याच्या हातात दिली. 

प्रश्न होता तो गेलेल्या घोड्यांचा.

दुसऱ्या दिवसापासून दोघं मोटारसायकलवर निघाली. मागे निलम, तिच्या मांडीवर आकड्यांची गोणी आणि हाताने फिरवायचं ड्रिल. कोणी कुठे घोडा नेला ते आठवून आठवून एकेक पाडा घ्यायचा. उधवा झालं, गंजाड झालं. गंजाडला दुकानाचा पत्रा बदलणारा माणूस वरच्या पायरीवर उभा होता. जीवनने त्याला गोड बोलून खाली उतरवलं आणि मगच खरं काय ते सांगितलं. तो माणूस घोड्याकडे आणि जीवनकडे आळीपाळीने बघत राहिला. काही जण म्हणायचे, चांगला तर चाललाय, भोकं कशाला पाडता. काहींनी शेजारच्या पाड्यावर दिलेला असायचा, तिथे जावं लागायचं. वाटेत धक्का बसला की जीवन गाडी थांबवायचा. दोघं रस्त्यातच उभी राहायची आणि आवाज पुढे निघून गेल्यावर एकमेकांकडे न बघता परत गाडीवर बसायची. दोघांच्याही मनात एकच असायचं. आत्ता, या घटकेला, कोण कुठे चढलेलं असेल?

डहाणूला मंडपवाला जिग्नेश होता. त्याने लग्नसराईसाठी बरेच घोडे नेले होते. ते त्याच्या गोदामात बांबूंच्या मागे दाबून ठेवलेले होते.

"निलमबेन, आता कुठे काढू हे सगळं? आकड्या ठेवून जा. माझा माणूस लावेल."

"आम्हीच लावतो, भाई. तासाभराचं काम."

"अरे, लावेल म्हटलं ना! विश्वास नाही का?"

शेवटी आकड्या ठेवून यावं लागलं.

निलमची मावशी बुधीबाई धुंदलवाडीजवळच्या एका पाड्यावर राहायची. तिचा मुलगा पांड्या भाताच्या दिवसांत शेती करायचा, बाकीच्या दिवसांत मिळेल ती मजुरी. त्यानेही दुकानातून एक घोडा नेला होता. निलम पहिल्याच दिवशी म्हणाली होती, आधी मावशीकडे जाऊ. जीवन म्हणाला, "घरची माणसं आहेत, समजून घेतील. परक्यांचं आधी करू. परक्याला काही झालं तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही." तिलाही ते पटलं. रोज दुसराच कुठलातरी पाडा पुढे येत गेला आणि मावशीचं घर मागे पडत गेलं.

शेवटी दोघं तिथे पोचली तेव्हा ऊन चढलं होतं. अंगणाच्या कडेला सरकारी तंबू होता. तंबूच्या तोंडाशी बुधीबाई डाळ निवडत बसली होती. घराच्या कुडाच्या भिंतीला टेकू दिले होते. अर्ध्या छपराची कौलं उतरवून अंगणात रचून ठेवली होती आणि उरलेल्या अर्ध्यावर पांड्याचं काम चाललं होतं. भिंतीला लागून घोडा उभा होता. पांड्या वरच्या पायरीवर उभं राहून, छपराच्या वाशावर पोटाने ओणवा होऊन, कौलं सोडवत होता.

"ये गं निलम," मावशी म्हणाली. "ये. बघ, चूलसुद्धा बाहेर काढली आम्ही."

निलमने मावशीकडे पाहिलंसुद्धा नाही. जीवन गाडी स्टँडवर लावत होता, तो तसाच थांबला.

"पांड्या," निलमने शांत आवाजात हाक मारली. आपला आवाज इतका शांत कसा निघाला याचं तिला नंतर नवल वाटत राहिलं. "हलू नकोस. जसा आहेस तसा थांब."

"का गं ताई? साप आहे काय?"

"घोड्यात खोट आहे. वाशाला धरून राहा."

पांड्याने वाशाला मिठी मारली. वासा करकरला. त्याच्या टोकाखालची भिंत मधोमध तडकलेली होती आणि टेकूवर उभी होती. घोडा धोक्याचा, की घर? निलमने जीवनकडे पाहिलं. तोही तेच बघत होता. पांड्याला छपरावर चढवलं आणि धक्का आला, तर छपरासकट खाली येणार. घोड्यावरून उतरवलं, तर उतरायला लागेल तेवढा वेळ.

"उतरवू त्याला," जीवन म्हणाला. "मी पट्टी दाबून धरतो. तू पुढचे पाय धर."

"आकडी लावू आधी."

"भोक पाडायला लागेल. वर माणूस असताना ड्रिल कसं फिरवू? आणि तोवर..."

पुढचं त्याने बोलून दाखवलं नाही. तो घोड्याखाली शिरला, दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांच्या सांध्यांवर एकेक हात ठेवला आणि वरून घट्ट दाबून धरले. निलमने पुढच्या पायांना मिठी मारली.

"आता ये पांड्या. सावकाश. एकेक पायरी."

पांड्याने वासा सोडला. त्याचा तळवा पायरी चाचपत खाली आला. मावशी सूप हातात धरून उठून उभी राहिली होती. तंबूमागे बांधलेल्या शेळीने अचानक दावं ताणलं आणि निलमला कळलं.

"येतंय," ती ओरडली.

आवाज आणि ठोसा एकदमच आले. पायाखालची माती तिने वर येताना पाहिली, निदान तसं तिला वाटलं. रचलेली कौलं घसरली. पांड्याचे पाय पायरीवरून सुटले आणि परत पायरीवर आपटले. जीवनच्या हातांखालून सांधे उसळले. त्याने हात काढून घेतले असते तर ते वाचले असते, पण घोडा गेला असता. त्याने काढले नाहीत. डाव्या बाजूचा सांधा त्याने दाबून परत बसवला. उजव्या बाजूचा वर आला, पट्टीचे दोन्ही तुकडे कात्रीच्या पात्यांसारखे मिटले, आणि पांड्याच्या वजनाने मिटतच गेले. जीवनची बोटं मध्ये होती.

तो ओरडला नाही. त्याच्या तोंडून नुसता श्वास बाहेर पडला. घोडा वाकडा होऊन अडकला आणि तसाच राहिला, एका बाजूने मिटलेला, एका बाजूने उघडा. तेवढ्यात पांड्याने उडी टाकली. तो कौलांच्या ढिगावर पडला, एका पायावर लंगडत उठला आणि धावत आला. पांड्याने आणि निलमने मिळून घोडा फाकवला, तेव्हा कुठे जीवनचा हात सुटला.

निलमने डोक्यावरचा रुमाल सोडून त्या हाताला गुंडाळला. रुमालात काय आहे ते तिने बघितलं नाही. मागे घराची भिंत हळूच बसली, धूळ उडाली आणि उरलेलं अर्धं छप्पर तिच्यावर टेकलं.

"वाचला," मावशी म्हणत होती. "माझा पोर वाचला. तुम्ही देवासारखे आलात." ती जीवनच्या पाया पडायला वाकली. जीवनने मान फिरवली.

डहाणूच्या दवाखान्यात त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं काढावी लागली. पांड्याचा घोटा मुरगळला होता. तो काही दिवसांत चालायला लागला.

ज्याला त्याला वाटलं ते भूकंपानेच झालं. भेटायला येणारे तसंच म्हणत होते. जीवनने नातेवाइकाचा जीव वाचवला, ही बातमी उधवा रस्त्यावर आणि पाड्यापाड्यांवर पसरली. त्याचं कौतुक झालं. दुकान बंद होतं तरी माणसं निलमकडे येऊन विचारायची, तसाच घोडा मिळेल का, तुमचा तो एका बोटाचा?

"नाही," ती म्हणायची. "तो बंद केला."

"का? चांगला होता की."

जीवन बाजेवर बसलेला असायचा, हात गळ्यात अडकवलेला. सुरुवातीला तो गप्प राहायचा. मग एक दिवस, बुधीबाई आली असताना, तो आपण होऊन बोलला.

"मावशी, त्या दिवशी तुझा पोर भूकंपाने नाही पडला. माझ्या घोड्याने पाडला. आम्हाला ठाऊक होतं. तुझ्याकडे शेवटी आलो, कारण तू घरची."

बुधीबाईने पदराने तोंड पुसलं. 

"घरची म्हणून शेवटी?" तिने एवढंच विचारलं.

चहा न घेता ती उठून गेली. महिनाभर ती आली नाही. मग एक दिवस पांड्याच्या हाती तिने लाल भोपळा पाठवला, निरोप मात्र काही नाही. निलमने भोपळा ठेवून घेतला. कापताना तिला रडू आलं.

उन्हाळ्यात दुकान पुन्हा चालू झालं. वेल्डिंग आता निलम करायची. जीवन शेजारी बसून सांगायचा, हात थोडा तिरका धर, घाई करू नकोस. घोडे आता जाड पट्टीचे आणि आकडीवाले. मिटवायला वेळ लागतो म्हणून गिऱ्हाइकं कुरकुरायची. धक्के थांबले नव्हते. कमी झाले होते, पण अमुक दिवसापासून बंद असं कोणी सांगू शकत नव्हतं.

मे महिन्यात चिखल्याला निलमच्या ओळखीत एक लग्न होतं. दोघं गेली. किनाऱ्याजवळच्या वाडीत मंडप घातला होता. मंडप जिग्नेशचा. दुपारचं जेवण चालू होतं, वाढपी धावत होते, आणि एका कोपऱ्यात घोड्यावर चढून एक जण सैल झालेली झालर ताणून बांधत होता. घोड्याच्या खाली सावलीत बायका मुलांना भरवत बसल्या होत्या.

निलमने दुरूनच ओळखला. पट्टी जुनीच होती. सांध्याजवळ तारेला लटकवलेली आकडी वाऱ्याने हलत होती. तिच्यावर पांढरा रंगही दिलेला होता. भोक कोणी पाडलंच नव्हतं.

ती पंगतीतून उठली. तिने बायकांना बाजूला व्हायला सांगितलं. माणूस उतरेपर्यंत तिने दोन्ही सांधे हातांनी दाबून धरले आणि मग सगळ्यांच्या देखत घोडा मिटवून खांद्यावर टाकला. मुलीकडची माणसं बघत राहिली. जिग्नेश धावत आला.

"निलमबेन, लग्नात असं काय करता? लावणार होतो, राहून गेलं!"

"बाकीचे कुठे आहेत?"

"आहेत ना. गोदामात आहेत, दोन-चार बाहेर दिलेत."

"बाहेर कुठे?"

जिग्नेशने उत्तरेकडे हात केला. झाईकडे, की त्याच्या पलीकडे गुजरातमध्ये, ते त्यालाही नीट सांगता येईना. एक घोडा संजाणच्या दुसऱ्या मंडपवाल्याने नेला होता. त्याने तो पुढे कोणाला दिला, कोण जाणे.

गोदामातले घोडे दोघांनी त्याच संध्याकाळी टेम्पोत घालून घरी आणले. जिग्नेश आडवा आला नाही. बाहेर दिलेल्यांपैकी झाईचा सापडला, उंबरगावचा सापडला. संजाणचा सापडला नाही. जीवन तिकडे तीनदा जाऊन आला. त्या मंडपवाल्याने तोवर धंदाच बंद केला होता आणि त्याचं सामान ज्याने उचललं तो माणूस कुठल्या गावचा तेही कोणाला ठाऊक नव्हतं.

आता ती दोघं कुठे लग्नाला गेली, की आधी नवरा-नवरी बघत नाहीत. निलम एका बाजूने मंडपाभोवती फिरते, जीवन दुसऱ्या बाजूने. समोरासमोर आली की जीवन मान हलवून नाही म्हणतो. मग दोघं जेवायला बसतात.